गोठ्यातील शहाणपण घरात केव्हा येणार?

दिवाळी आटोपली, खरिपाची रास घरात आली, उसाच्या फडांतून कोयते चालू लागले आणि रात्रीची थंडी अंगाला झोंबू लागली म्हणजे खेड्यांतील घरांत एक जुनाच उपद्रव दर वर्षी डोके वर काढतो. सारे घर एका खोलीत, एका वाकळेखाली निजू लागते. आणि मध्यरात्री तीनचार वर्षांचे लेकरू बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा व बेंबीभोवतालचा भाग कराकरा खाजवीत उठते व रडू लागते. सकाळी पाहावे तो पुटकुळ्या, चार दिवसांनी त्यांत पू, मग पिवळट खपल्या. तालुक्याच्या गावाहून मलम येते, पंधरा दिवस बरे वाटते, आणि महिना लोटतो न लोटतो तोच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकाच हंगामात तीन तीन वेळा औषध झालेली मुले आमच्या पाहण्यात आहेत. आईबाप थकून म्हणतात, ‘याचे रक्तच बिघडले आहे’, ‘अंगात उष्णता आहे’, ‘पाणी मानवत नाही’. आणि शेजारीपाजारी आईच्या स्वच्छतेस नावे ठेवून मोकळे होतात.

या मासिकात पीक, खत, पाणी व जनावरे यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. तेथे लेकरांच्या खरजेविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे एखादा वाचक विचारील. प्रयोजन असे की, ही खरूज वारंवार उलटते याचे जे मुख्य कारण आहे, ते समजून घेण्यास शेतकऱ्याइतका लायक मनुष्य दुसरा नाही. गोठ्यात त्याला जे पक्के ठाऊक असते ते तो घरात पाऊल टाकताच विसरतो, एवढीच आमची तक्रार आहे.

गेल्या हिवाळ्यात एका परिचित बागाइतदारांच्या वस्तीवर जाण्याचा आम्हांस योग आला. त्यांच्या अकरा शेळ्यांपैकी एकीच्या कानावर व तोंडावर खरूज दिसली होती. त्यांनी पशुवैद्यास बोलावून अकराही शेळ्यांस एकाच दिवशी औषध देवविले, गोठ्यातील जुना पाचोळा काढून जाळला आणि दुसऱ्या मात्रेची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेविली. ‘एकीलाच औषध दिले तर उरलेल्या दहा तिला पुन्हा लावतील,’ असे त्यांनीच आम्हांस समजावून सांगितले. त्याच अंगणात त्यांची नात दोन्ही हात खाजवीत बसली होती. तिच्यासाठी आणलेली मलमाची नळी फळीवर होती, व त्यातील चिमूटभर मलम तिच्या बोटांस रोज लावले जात होते. ती ज्या आजीच्या कुशीत निजे त्या आजीला, आणि ज्या भावंडांशी खेळे त्या भावंडांना, कोणी काही विचारले नव्हते. आम्ही विचारता आजी म्हणाल्या, ‘खाज मलाही येते हो, पण म्हातारपणी कातडी कोरडी व्हायचीच.’

शेळ्यांची खरूज महिन्यात गेली. नातीची संक्रांत उलटली तरी गेली नव्हती.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. नातीला खरूज शेळ्यांपासून झाली नव्हती. जनावरांच्या खरजेच्या किड्याची जात वेगळी असून, तो माणसाच्या अंगावर आला तरी थोडे दिवस खाज उत्पन्न करून नाहीसा होतो. तेथे त्याची वीण चालत नाही. माणसाची खरूज माणसाकडूनच येते. तिचा किडा मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून राहते, महिना-दीड महिना जगते व रोज दोनतीन अंडी घालते. तीनचार दिवसांत ती फुटून नवी पिलावळ बाहेर पडते. हा किडाच या रोगाचे मूळ होय, ही गोष्ट इटलीतील बोनोमो नावाच्या वैद्याने 1687 साली लिहून ठेविली आहे. तेव्हा रक्त बिघडल्याने खरूज होते हे मत सव्वातीनशे वर्षांपूर्वीच मागे पडावयास हवे होते.

आता ती उलटते का, ते पाहू. पहिल्यानेच ज्याला लागण झाली त्याला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अंगावर किडे असूनही तो निरोगी दिसतो व इतरांस लागण देत राहतो. म्हणजे घरात एक मूल खाजवू लागले त्या दिवशी त्याच्या शेजारी निजणाऱ्या आणखी एकदोघांच्या अंगावर किडे बहुधा पोचलेले असतात. फक्त त्यांची तक्रार सुरू व्हावयाची असते. अशा वेळी एकट्या मुलास औषध लावले तर ते बरे होते आणि त्याच रात्री पुन्हा त्याच वाकळेत जाते. दुसऱ्या खेपेस खाज सुटण्यास महिना लागत नाही. एकदोन दिवसही पुरतात. औषध लागू पडले नाही असे आईबापांस वाटते, वस्तुतः औषध लागू पडलेले असते, पण रोग शेजारच्या अंथरुणातून परत आलेला असतो.

दुसरे कारण म्हणजे अर्धवट उपचार. दिसेल त्या पुटकुळीवर मलम लावण्याची आपली रीत आहे. परंतु किडा पुटकुळीपुरता राहत नाही. परमेथ्रिनचे शेकडा 5 चे मलम हे या रोगावरील हल्लीचे सर्वमान्य औषध आहे. ते मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखांत, बेंबीत, जांघांत व कुल्ल्यांवर, कोरड्या अंगास सर्वत्र लावावयाचे असते. तान्ह्या व लहान मुलांच्या बाबतीत डोळे व तोंड वगळून डोके, कपाळ व कानांमागचा भागही सोडावयाचा नसतो, कारण त्यांच्या डोक्यावर, तळहातांवर व तळपायांवरही हा किडा आढळतो. रात्री लावून सकाळी, म्हणजे आठ ते बारा तासांनी, धुवावे. मध्ये हात धुतले गेल्यास हातांना पुन्हा लावावे. आणि एका आठवड्याने हीच क्रिया पुन्हा करावी. ही दुसरी पाळी चुकविणे म्हणजे एकदा कोळपणी करून तणाचे बी रानात तसेच ठेवणे होय. दोन महिन्यांच्या आतील बाळास व गरोदर स्त्रीस मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून काहीही लावू नये; त्यांच्यासाठी गंधकाच्या मलमासारखे जुने व सौम्य उपाय डॉक्टर सांगू शकतात.

तिसरी गोष्ट धीराची. किडे मेले तरी त्यांच्या मृत अंशांमुळे खाज दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते. ती हळूहळू कमी होत असेल तर उपचार फसला असे समजू नये व रोज रोज औषध थापू नये. नव्या पुटकुळ्या उठू लागल्या किंवा चार आठवड्यांनंतरही खाज राहिली, तर पुन्हा दाखवावे.

चौथे कारण अधिक घातक आहे. खाज म्हटली की पुष्कळ ठिकाणी दुकानदारच एक मलम काढून देतो. त्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड अशी मिसळ असते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते व ते मलम गावभर नावाजले जाते. पण किडा जिवंत राहतो, लाली मावळल्यामुळे रोग ओळखू येत नाही, आणि लेकराची कोवळी कातडी पातळ होत जाते. नायट्यावरही हेच मलम चोळल्यामुळे तो अंगभर पसरलेला व औषधास न जुमानणारा झाला, असा अनुभव आज देशातील त्वचारोगतज्ज्ञ सांगत आहेत. 2018 साली भारत सरकारने स्टेरॉइडयुक्त मलमांपैकी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, परंतु मलम मागणारे आपणच आहोत. खरजेवर असले मलम लावणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार आहे.

खरूज म्हणजे नुसती खाज, तिने कोणी मरत नाही, असे म्हणणारे वडीलधारे अद्याप भेटतात. त्यांस आम्ही नम्रपणे सुचवितो की, ओली खरूज ज्याला म्हणतात त्यात खाजविल्याने फाटलेल्या कातडीवाटे पू करणारे जंतू आत शिरलेले असतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूच्या काही जाती कातडीवर गळवे व फोड करून थांबत नाहीत. फोड सुकल्यावर दोनतीन आठवड्यांनी, किंवा त्याहूनही उशिरा, मुलाच्या मूत्रपिंडास सूज येऊ शकते. सकाळी डोळ्यांभोवती व चेहऱ्यावर सूज, लघवी कमी होणे, तिचा रंग चहासारखा होणे, ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच एक दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे. तसेच फोडांबरोबर ताप, भोवती झपाट्याने वाढणारी लाल गरम सूज, किंवा दूध न पिणारे मलूल बाळ, ही लक्षणे घरगुती उपायांची वेळ निघून गेल्याची खूण समजावी. पू झाला असेल तर खरजेच्या औषधाबरोबर जंतूंवरील औषधही लागते. ते कोणते व किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

पू होऊ न देण्याच्या कामी साध्या साबणाचा उपयोग केवढा आहे, याचे एक प्रमाण कराची शहरातील दाट वस्तीत मिळाले आहे. तेथे काही वस्त्यांतील कुटुंबांस साबण देऊन हात धुण्याची सवय लाविली, व 15 वर्षांच्या आतील मुलांत पुवाच्या फोडांचे प्रमाण शेकडा 34 ने कमी झाल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले. मुलांची नखे कापणे व हात साबणाने धुणे या गोष्टी किरकोळ आहेत, पण निरर्थक नाहीत. मात्र साबणाने किडा मरत नाही हेही ध्यानात ठेवावे. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने स्नान घालण्यास आमचा विरोध नाही. त्यावर विसंबून औषध टाळण्यास आहे. आणि जळके ऑइल, रॉकेल, गोचिडांवरचे औषध किंवा फवारणीचे कीटकनाशक मुलांच्या अंगास लावण्याचा जो अघोरी प्रकार क्वचित ऐकू येतो, त्याचा तर कडकडीत निषेध केला पाहिजे. मुलांची कातडी ही विषे शोषून घेते, व खरजेपेक्षा औषधच जिवावर बेतते.

कपड्यांविषयी मात्र आपली भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. इंग्लंडातील शेफील्ड येथे केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांच्या घोंगड्या वापरून लागण क्वचितच झाली. रोग्याबरोबर एका अंथरुणात निजल्याने ती झाली. एका प्रौढ रोग्याच्या अंगावर सरासरी दहाबाराच मोठ्या माद्या असतात हेही त्याने मोजून दाखविले. अंगावरून उतरलेला किडा बहुधा दोनतीन दिवसांपलीकडे जगत नाही. तेव्हा सर्व घर धुऊन काढण्याचा आटापिटा नको. औषधाच्या दिवशी अंगावरचे कपडे, चादरी व टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. धुता न येणाऱ्या वाकळा व स्वेटर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवावे. वाचलेले श्रम घरातील प्रत्येक माणसास औषध लावण्याकडे खर्च करावे; खाज असो वा नसो, आजोबांपासून तान्ह्यापर्यंत, एकाच रात्री.

‘एकाच रात्री’ या दोन शब्दांत आमच्या सर्व म्हणण्याचे सार आहे. आणि ते घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही, म्हणूनच आम्ही हा विषय संघाच्या मासिकात घेतला आहे.

आपल्या फडांच्या कडेला या दिवसांत बीड, जालना व इतर जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या एकेका कोपीत पाचसहा माणसे निजतात. पाणी दुरून आणावयाचे. पहाटेच्या आधी कोयता हाती घ्यावयाचा आणि लेकरू फडाच्या बांधावर निजवावयाचे. आजचा फड उद्या नाही, म्हणून आज दाखविलेला दवाखाना आठवड्याने गाठता येत नाही, व औषधाची दुसरी पाळी हटकून चुकते. या कोप्यांतील मुलांच्या अंगावर ओली खरूज दिसली की आपल्यापैकी पुष्कळजण ‘घाणेरडी माणसे’ म्हणून तोंड फिरवितात. आम्हांस हे शोभत नाही. तो ऊस आपला आहे, त्या कोप्या आपल्या रानात आहेत, आणि खरूज हा दाटीचा रोग आहे. ज्याला पाय पसरावयास जागा नाही त्याला दाटीबद्दल दोष देणे हा न्याय नव्हे. शिवाय स्वार्थाचेच पाहावयाचे तर त्या कोप्यांतील मुले व आपली मुले एकाच बांधावर खेळतात.

सर्व वस्तीस एकदम औषध दिल्याने काय साधते, याचा पुरावा फिजी बेटांवर मिळाला आहे. तेथे 2012 साली सुरू झालेल्या प्रयोगात काही बेटांवर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे तक्रार असणाऱ्यास व त्याच्या निकटच्यांस, उपचार केले. काही बेटांवर सर्व रहिवाशांस आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, व ज्यांस ती गोळी देता येत नाही त्यांस मलम दिले. एका वर्षाने पाहता पहिल्या ठिकाणी खरजेचे प्रमाण शेकडा 37 च्या सुमारावरून 19 वर आले, तर दुसऱ्या ठिकाणी ते शेकडा 32 वरून 2 च्याही खाली गेले. पुवाच्या फोडांचे प्रमाणही तेथे दोन तृतीयांशांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरजेचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला, आणि जगात कोणत्याही वेळी वीस कोटींहून अधिक माणसांना ती असते असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

ज्या आयव्हरमेक्टिनने हे घडविले त्याची कथा शेतकऱ्याने ऐकण्याजोगी आहे. जपानातील सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून एक सूक्ष्म जीव वेगळा केला. विल्यम कँपबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून परोपजीवी कीटक व जंतांवरील औषध सिद्ध केले. 1981 साली ते प्रथम गुराढोरांसाठी बाजारात आले. माणसाच्या वाट्यास ते नंतर आले, आणि 2015 साली या दोघांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तथापि गोठ्यातले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन माणसास चालते असा अर्थ कोणी काढू नये. माणसाची मात्रा वजनावर ठरते, 15 किलोच्या आतील मुलांस व गरोदर स्त्रियांस ती देत नाहीत, आणि ती डॉक्टरांच्या हातूनच घ्यावयाची असते.

आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. टोळी येऊन स्थिरावली की पहिल्या पंधरवड्यात संघाच्या गावोगावच्या शाखांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस व आशा सेविकांस एक दिवस कोप्यांवर न्यावे. खरूज आढळल्यास डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे कोप्यांतील सर्वांस व गावातील बाधित घरांतील सर्वांस एकाच रात्री औषध मिळावे, आणि आठवड्याने दुसरी पाळी व्हावी. टोळी तोवर दुसऱ्या फडावर गेली असेल तर मुकादमाकडून तिचा ठिकाणा घेऊन तेथील शाखेस कळवावे. औषधास पैसे कमी पडल्यास ते फडमालकांनी वर्गणीने घालावे. आणि कोप्यांपाशी पाण्याची एक टाकी व साबण यांची सोय त्यांनीच करावी. अंगणवाडी व शाळेतील गुरुजनांनी खाजविणाऱ्या मुलास वर्गापुढे उभे करू नये. त्याच्या घरी गुपचूप निरोप धाडावा. लाज वाटली की रोग लपतो, आणि लपला की तो पसरतो.

यावर ‘हे काम सरकारचे’ असा आक्षेप येईल. औषध पुरविणे हे सरकारी आरोग्य केंद्राचे काम आहे खरे, व ते त्याच्याकडून मागून घेतलेच पाहिजे. पण कोणाच्या रानात किती कोप्या आहेत, त्यांत लेकरे किती, टोळी कधी हलणार, हे आरोग्य केंद्रास कोण सांगणार? ते आपणच जाणतो. दुसरा आक्षेप असा येईल की, ज्यास खाज नाही त्याने औषध का लावावे? या आक्षेपाचे उत्तर आम्ही देत नाही. ज्या वाचकाने एका शेळीसाठी अकरा शेळ्यांस औषध देवविले, त्यानेच ते आपल्या घरच्या माणसांस द्यावे.

त्या बागाइतदारांच्या नातीचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. माघात त्यांच्या सुनेने हट्ट धरून नऊही माणसांस आरोग्य केंद्रात नेले. आजी येईनात, शेवटी ‘तुम्ही औषध लावले नाही तर ती तुमच्याजवळ निजणार नाही’ असे सुनेने सांगताच निघाल्या. दोन्ही पाळ्या पुऱ्या झाल्या. खडूने लिहिलेली दुसरी तारीख या खेपेस गोठ्याच्या भिंतीवर नव्हती, स्वयंपाकघराच्या दारावर होती. होळीस आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुलीच्या हातांवर फिकट डाग तेवढे उरले होते, आणि ती आजीच्या कुशीत गाढ झोपली होती.